जुन्या प्रसाधनांचे काय करावे?

आपल्या घरातील आरशाखालचा खण एकदा नीट पाहा. अर्धवट संपलेले काजळ, घट्ट झालेली नेलपॉलिशची बाटली, तळाशी उरलेले क्रीम, मागच्या स्नेहसंमेलनासाठी आणलेली लिपस्टिक, अशा कितीतरी वस्तू तेथे सापडतील. "असू दे, लागेल कधीतरी," म्हणून त्या राहिलेल्या असतात. भाजी नासली की वास येतो. प्रसाधने नासली तरी बहुधा कळत नाही. मग ती टाकावीत केव्हा? आणि टाकायची तर कोठे? विद्यार्थी मित्रांनो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर डबीत कोणते पदार्थ आहेत यावरून मिळते.

पाणी तेथे जीवाणू

कोरडे बेसन डब्यात कित्येक आठवडे टिकते. तेच पाण्यात कालवून ठेवले तर उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी आंबते. कारण जीवाणूंना वाढण्यासाठी पाणी लागते. प्रसाधनांनाही हाच नियम लागू पडतो. तोंडाला लावायची पावडर कोरडी असते, म्हणून ती बराच काळ टिकते. क्रीम हे तेल आणि पाणी यांचे एकजीव केलेले मिश्रण, म्हणजे पायस असते. पापण्यांच्या केसांना लावायच्या मस्कारातही बहुधा पाणी असते. अशा पदार्थांत जीवाणू व बुरशी वाढू नये म्हणून कारखान्यात परिरक्षक मिसळतात. परंतु आपण दर वेळी बोट किंवा ब्रश आत घालतो, त्याबरोबर नवे जीवाणू आत जातात. परिरक्षकाची शक्ती काही अमर्याद नसते.

याचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो? अमेरिकेतील विल्सन व अहर्न या संशोधकांनी १९७७ साली काही रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पारपटल म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा. दूषित मस्कारातील स्यूडोमोनास नावाच्या जीवाणूंमुळे या रुग्णांच्या पारपटलावर जखमा झाल्या होत्या. पारपटलाला साधा ओरखडा गेला तरी जीवाणूंना वाट मिळते, आणि अशा जखमेने दृष्टीही जाऊ शकते. २०१९ साली इंग्लंडमधील ॲस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी वापरातील ४६७ प्रसाधने व स्पंज तपासले. त्यांतील बहुसंख्य वस्तूंमध्ये जीवाणू आढळले. सर्वांत जास्त जीवाणू होते ते ओलसर राहणाऱ्या स्पंजांत!

म्हणून दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, वेष्टनावर छापलेली अंतिम तारीख. दुसरी, झाकण उघडलेल्या डबीचे छोटे चित्र. त्यात १२ हा आकडा व इंग्रजी एम हे अक्षर असेल, तर उघडल्यापासून १२ महिन्यांत ती वस्तू वापरावी. मस्कारा तर ३ महिन्यांनी टाकून द्यावा, असे तज्ज्ञ सांगतात. सुकलेल्या मस्कारात पाणी घालू नये. डोळे आले असतील, तर त्या काळात वापरलेले काजळ पुन्हा वापरू नये. आणि स्नेहसंमेलनात एकाच कांडीने साऱ्या वर्गाच्या डोळ्यांत काजळ घालणे तर कटाक्षाने टाळावे.

टाकायचे कोठे?

क्रीम, तेल, लिपस्टिक मोरीत ओतू नयेत. स्निग्ध पदार्थ नळात थंड होऊन थिजतात आणि त्यांना कचरा चिकटत जाऊन सांडपाण्याचा मार्ग तुंबतो. तो मोकळा करायला शेवटी कोणा माणसालाच घाणीत हात घालावे लागतात. म्हणून उरलेले क्रीम रद्दी कागदाने पुसून काढावे. तो कागद ओल्या कचऱ्यात टाकू नये, कारण त्या कचऱ्याचे खत होते. पुसून स्वच्छ केलेली डबी सुक्या कचऱ्यात द्यावी.

नेलपॉलिशची गोष्ट वेगळी आहे. त्यात नायट्रोसेल्युलोज हा पदार्थ इथिल ॲसिटेट, ब्युटिल ॲसिटेट यांसारख्या द्रावकांत विरघळवलेला असतो. या द्रावकांची वाफ चटकन पेट घेते. म्हणून ही बाटली रिकामी करू नये व शेकोटीत तर मुळीच टाकू नये. भारताच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी रंगाचे टाकाऊ डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. नेलपॉलिश हाही एक रंगच. तेव्हा बाटलीचे झाकण घट्ट लावून ती तशाच वेगळ्या पिशवीत द्यावी.

सर्वांत जपून हाताळायची वस्तू म्हणजे पारा असलेले गोरे करणारे क्रीम. वेष्टनावर मर्क्युरी किंवा कॅलोमेल हे शब्द असतील, तर ते ताबडतोब बंद करावे. पारा त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. तो मूलद्रव्य असल्यामुळे कुजत नाही, जाळल्याने नष्टही होत नाही. त्याची वाफ होऊन तो हवेत पसरतो. पाण्यात गेला तर जीवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांवाटे पुन्हा माणसाच्या ताटात येतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेला आजार अशाच माशांमुळे झाला होता. त्या गावाचे नाव धारण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातील देशांनी २०२३ साली ठरवले, की पारा घातलेल्या प्रसाधनांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२५ पर्यंत थांबवावी. मात्र जुन्या डब्या घरांत असू शकतात. अशी डबी धुऊ नका. पिशवीत घट्ट बांधून, वर 'पारा' असे लिहून, ती घातक कचऱ्यात द्या.

करून पाहा

दोन वाट्यांत थोडे बेसन घ्या. एका वाटीत पाणी घालून कालवा, दुसरी कोरडीच ठेवा. दोन दिवसांनी वास घेऊन फरक नोंदवा (चव मात्र घेऊ नका). मग घरातील मोठ्यांच्या परवानगीने प्रसाधनांची यादी करा. प्रत्येकीपुढे पाण्याची, तेलाची, कोरडी की द्रावकाची असे लिहा. नवी डबी उघडाल तेव्हा तिच्यावर त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. म्हणजे पुढच्या वेळी खण आवरताना "असू दे" म्हणण्याऐवजी ती चिठ्ठी वाचता येईल.