मळखेडचे गणित

अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांचा लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे लसावि, का काढावयाचा, असे वर्गात विचारले की 'तशी रीतच आहे' असे उत्तर बहुधा मिळते. रीत खरी, परंतु तिचा एक जुना उगम शोधण्यास आपणांस फार दूर जावयास नको.

कलबुर्गी जिल्ह्याच्या सेडम तालुक्यात कागिणा नदीकाठी मळखेड हे गाव आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच. नवव्या शतकात येथे अमोघवर्ष नृपतुंग राज्य करीत होता. कन्नडातील 'कविराजमार्ग' हा ग्रंथ त्याच्याच दरबारातला. आणि त्याच राजाची स्तुती आरंभी करून महावीराचार्य या जैन पंडितांनी इ. स. ८५० च्या सुमारास 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचिला. ग्रहगतीच्या ग्रंथातील एखादा अध्याय म्हणून नव्हे, तर केवळ गणितासाठी लिहिलेले हे पुस्तक होय.

त्यात लसाविस 'निरुद्ध' म्हटले आहे. तो कशासाठी, हे एका शेतावरून पाहू. शेताच्या १/६ भागात तूर व ३/८ भागात जोंधळा पेरला, तर एकूण पेरा किती? पायली आणि शेर यांची बेरीज जशी एका मापात आणल्यावाचून होत नाही, तसेच सहावे भाग व आठवे भाग एकत्र मोजता येत नाहीत. दोन्ही तुकडे सारख्या आकाराचे केले पाहिजेत. ६ आणि ८ यांचा साधारण विभाजक २; त्याने भागून ३ व ४ उरतात; २ × ३ × ४ = २४. आता शेताचे २४ सारखे वाफे कल्पावे. तुरीचे ४, जोंधळ्याचे ९, मिळून १३/२४. छेदांचा नुसता गुणाकार करून ४८ वाफे पाडले तरी उत्तर चुकत नाही. श्रम मात्र वाढतात.

वर्तुळाच्या परिघासाठी आचार्यांनी व्यासाची दोन पटे दिली आहेत: व्यवहारापुरती ३, आणि सूक्ष्म गणितास १० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.१६२. गाडीच्या ४ फूट व्यासाच्या चाकास लोहार धाव चढवीत आहे असे समजा. पहिल्या मापाने लोखंडी पट्टी १२ फूट निघेल व जवळजवळ ७ इंच तोकडी पडेल. दुसऱ्या मापाने ती सुमारे १ इंच जास्त होईल. खरा परीघ सुमारे १२.५७ फूट आहे.

आता शून्याकडे वळू. येथे आचार्यांचा पाय घसरला, हे सांगण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. संख्येस शून्याने गुणिले असता शून्य येते, हे त्यांनी बरोबर सांगितले. परंतु शून्याने भागले असता संख्या तशीच राहते, असेही लिहिले. ताळा करून पाहा. १२ भागिले शून्य बरोबर १२ असेल, तर १२ गुणिले शून्य हेही १२ यावयास हवे. पण ते तर त्यांच्याच नियमाने शून्य! १२ मधून ४ तीन वेळा वजा करता येतात, म्हणून १२ भागिले ४ म्हणजे ३. शून्य मात्र कितीही वेळा वजा केले तरी १२ संपतच नाहीत. पुढे इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी अशा राशीस 'खहर' हे नाव देऊन ती अनंत मानली. आजचे गणित तेही मान्य करीत नाही. शून्याने भागण्यास अर्थच नाही, असे ते म्हणते. म्हणजे आमच्या सातवीतल्या मुलाने ताळा करून दाखविलेली चूक राजदरबारच्या पंडिताच्या ग्रंथातही असू शकते.

याच पंडितांना अंकांची गंमतही होती. काही गुणाकारांची उत्तरे गळ्यातील हारासारखी दिसतात, असे त्यांनी दाखविले आहे. १३९ × १०९ करून पाहा. १५१५१ येते, डावीकडून वाचा की उजवीकडून. १५२२०७ ला ७३ ने गुणिले असता काय येते, ते आम्ही येथे छापीत नाही.