तिथीची पाऊणपट

दौंडवरून वाहणाऱ्या भीमेचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं. दौंडकर मात्र सुट्टी लागली की अरबी समुद्राकडे निघतात. पूर्वी ही सहल एसटीने व्हायची आणि मुक्काम एखाद्या घरगुती खानावळीच्या माडीवर. आता गाडीच्या डिकीत तंबू, छोटी गॅसशेगडी आणि बर्फाचा डबा असतो, आणि बेत असतो थेट रेवस ते रेड्डी. मोबाइलवर पाहिलं तर सागरी महामार्ग आपल्या सोलापूर रस्त्यासारखाच दिसतो, एक रेघ आणि तिच्यावर गावं. पाटसचा टोलनाका ओलांडून तासाभरात हडपसर गाठणाऱ्या माणसाला तिथे आकडेमोड करायची काय गरज?

दौंडच्या चार मित्रांनी ती केली नाही. बेत कोजागिरीचा ठरला. चांदणं, आटवलेलं दूध आणि समोर समुद्र, याहून चांगला दिवस कोणता! ताम्हिणीने उतरून माणगाव, दिवेआगरला मुक्काम आणि दुसऱ्या रात्री थेट गुहागर. किलोमीटरच्या हिशोबाने बेत अगदी सोपा होता. पण दिवेआगर आणि गुहागर यांच्या मध्ये दोन मोठ्या खाड्या आहेत: सावित्रीची बाणकोट खाडी आणि वाशिष्ठीची दाभोळ खाडी. बागमांडला ते वेसवी आणि दाभोळ ते धोपावे या दोन्ही ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. पहिल्या धक्क्यावर सुट्टीची रांग लागली होती. दुसऱ्या धक्क्यापर्यंत पोचायला रात्र झाली आणि शेवटची बोट निघून गेली होती. मग अंधारातच अलीकडच्या एका पुळणीवर गाडी वाळूत उतरवून त्यांनी तंबू ठोकला. भरतीचं पाणी साडेदहाच्या सुमारास तंबूच्या कडेला लागलं आणि अकरा वाजता चाकांभोवती खेळायला लागलं. गाडी सकाळी गावातल्या ट्रॅक्टरने ओढून काढली.

ट्रॅक्टरवाल्याने त्यांना फार बोल लावला नाही. 'पौर्णिमेला पुळणीवर झोपलात होय?' एवढंच विचारलं.

किनाऱ्यावरच्या माणसाला जे पाठ असतं ते घाटावरच्याने एकदा शिकून घ्यावं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ आणि पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि बारा-साडेबारा तासांनी पुन्हा भरती येते, म्हणजे दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. ठिकाणाप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर चढतं आणि ओहोटीला जास्त खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे हा फरक कमी. तिथी घरातल्या कॅलेंडरवर असतेच. आपण ती फक्त उपासासाठी पाहतो.

कोकणच्या बऱ्याच पुळणींचा उतार अगदी सौम्य आहे. पन्नास फुटाला एक फूट उतार धरला आणि पाणी सहा फूट चढलं, तर लाटा तीनशे फूट आत येतात. म्हणून जागा उजेडातच निवडायची. वाळूवर सुकलेला पालापाचोळा, शिंपले आणि काटक्यांची आडवी रेघ दिसते, ती मागच्या भरतीची खूण. अष्टमीला गेलात तर ही रेघ फसवी असते, कारण ती भांगाची असते. उधाणाची जुनी, अंधुक रेघ तिच्याही वर सापडते. तंबू त्या वरच्या रेघेच्याही मागे हवा. गाडी तर वाळूवर न्यायचीच नाही.

भांग म्हणजे सुरक्षित, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी वद्य अष्टमी होती. पाणी किती वर चढणार ते तिथी सांगते, पण लाटेच्या पोटातली ओढ आणि पायाखालचा खड्डा तिला कळत नाही. विहिरीत आणि भीमेच्या डोहात पोहायला शिकलेल्या माणसाला हे पटायला जड जातं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा हे दुसरं उदाहरण. कातळावरून जाणारी ती वाट ओहोटीलाच करायची असते, पण देवळासमोर उभ्या असलेल्या पाहुण्यांपैकी भरती कधी लागणार हे विचारणारे थोडेच.

खाड्यांचा हिशोबही कागदावर मांडावा. उत्तरेकडून निघालं तर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार फेऱ्या लागतात. पुलांची कामं काढलेली आहेत. ती होईपर्यंत बोट हाच रस्ता. बाणकोटची बोट चुकली तर म्हसळ्यावरून आंबेत-म्हाप्रळच्या पुलापर्यंत वर चढून मंडणगडमार्गे पुन्हा किनाऱ्यावर उतरावं लागतं. म्हणून एका दिवशी एकच खाडी ओलांडायची आणि तीही दुपारच्या आत. शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी धक्क्यावर फोन करून विचारावी. धक्क्यावर नेटवर्क मिळेलच असं नाही, तेव्हा खिशात रोख पैसे हवेत. सीएनजीवरच्या गाड्यांनी पेट्रोलची टाकी भरूनच माणगाव सोडावं.

महिना कोणता हाही प्रश्न आहेच. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. ज्या समुद्रात कोळी होडी घालत नाही, त्याच्या काठी तंबू ठोकायला आपण का जावं? 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. निघायच्या आदल्या रात्री ते पाहायला पाच मिनिटं पुरतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, पण वेळास आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली वेळासला त्यांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. तिथे शेकोटी पेटवणं आणि गाडीचे दिवे समुद्राकडे सोडणं म्हणजे त्या कामावर पाणी ओतणं, कारण अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात.

खरं तर तंबू पुळणीवरच हवा हा हट्टच सोडावा. सुरूच्या बनात बहुतेक ठिकाणी वनखात्याची परवानगी लागते. त्यापेक्षा गावात विचारून एखाद्या वाडीत जागा घ्यावी. तिथे विहिरीचं गोडं पाणी मिळतं, संडास असतो, रात्री काही झालं तर हाकेला माणूस असतो, आणि सकाळच्या घावनांचे पैसे मालकिणीच्या हातात पडतात. तंबू ठोकण्याआधी फक्त मान वर करून पाहायचं. माडाखाली कोकणातलं कुत्रंसुद्धा झोपत नाही.