अझोला : एका खड्ड्यातून विज्ञान, गणित आणि जनावरांचा खुराक



आमच्या शाळेतल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी गाय, म्हैस नाहीतर शेळी आहे. पाचवीच्या वर्गात वनस्पतींचा पाठ चालू असताना एक मुलगा म्हणाला, "सर, पप्पांनी मोबाईलवर बघितलं. पाण्यावर एक शेवाळ येतं, ते घातलं की पेंड लागतच नाही." मी म्हटलं, चला, आपणच लावून बघू. त्यातून झालेला हा पाठ.

अझोला म्हणजे काय?

अझोला हे शेवाळ नाही. ती पाण्यावर तरंगणारी नेचे गटातली वनस्पती आहे. तिला फूल येत नाही, बी येत नाही. तिच्या पानांच्या पोकळीत ॲनाबिना नावाचे नील-हरित सूक्ष्मजीव राहतात. ते हवेतला नायट्रोजन वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात आणतात. म्हणून अझोलात प्रथिने भरपूर. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी मुलांना आधी दाखवा, मग हे सहवासाचं उदाहरण लगेच कळतं.

वाफा कसा केला?

१) सावलीच्या जागी 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 20 सेंटीमीटर खोल वाफा केला. कडेला विटा लावून वर प्लास्टिकचा जाड कागद अंथरला.
२) त्यावर चाळलेली माती 10 ते 15 किलो सारखी पसरली.
३) 2 किलो ताजं शेण आणि 30 ग्रॅम सुपर फॉस्फेट 10 लिटर पाण्यात कालवून ओतलं. मग पाण्याची पातळी 10 सेंटीमीटर होईपर्यंत पाणी भरलं.
४) वर अर्धा ते एक किलो ताजा अझोला सोडला.

साधारण दोन आठवड्यांत वाफा भरतो. नंतर रोज अर्धा किलोच्या आसपास काढता येतो. दर पाच दिवसांनी 1 किलो शेण आणि 20 ग्रॅम सुपर फॉस्फेट, दर दहा दिवसांनी चौथा भाग पाणी बदलायचं.

आमचा पहिला प्रयत्न फसला. वाफा उघड्यावर होता, मार्चचं ऊन लागलं आणि अझोला तपकिरी पडून गेला. मुलं हिरमुसली. पण "का मेला?" हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारला. दुसऱ्यांदा कडुलिंबाखाली शेडनेट बांधून लावला, तो टिकला.

खरी परीक्षा : वजनकाट्यावर

आता त्या मुलाच्या बोलण्याकडे वळू. 100 ग्रॅम ताजा अझोला निथळून उन्हात कडकडीत वाळवला. मुलांनी अंदाज लिहिले : 50 ग्रॅम, 40 ग्रॅम. काट्यावर भरला फक्त 7 ग्रॅम! बाकी सगळं पाणी.

मग फळ्यावर हिशोब मांडला. 1 किलो ताज्या अझोलापासून सुमारे 70 ग्रॅम कोरडा भाग. त्याच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी प्रथिने, म्हणजे 14 ते 17 ग्रॅम. सरकी पेंडीच्या एका किलोत मात्र प्रथिने 200 ग्रॅमच्या घरात असतात. गायीला रोज 2 किलो अझोला दिला तरी तो साधारण 150 ग्रॅम पेंडीइतकाच. शिवाय 2 किलोसाठी असे चार वाफे हवेत!

पालकसभेत त्या मुलाचे वडील म्हणाले, "सर, मी तर पेंड बंदच करणार होतो." दुभत्या गायीची पेंड एकदम तोडली असती तर दूध घटलं असतं आणि गायही खंगली असती. त्यांच्या मुलानेच त्यांना वहीतला हिशोब दाखवला. त्या दिवशी शिकवल्याचं समाधान मिळालं.

मग अझोला लावू नये का? जरूर लावावा. तो पूरक खाद्य आहे, पेंडीची जागा घेणारा नाही. कोंबड्या आणि शेळ्यांना थोड्या प्रमाणातही उपयोगी पडतो.

लक्षात ठेवा

• अझोला दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुवा, शेणाचा वास राहिला तर जनावर तोंड लावत नाही.
• सुरुवातीला मूठभर आंबोणात मिसळून द्या, सवय झाली की वाढवा.
• नदीतली जलपर्णी म्हणजे अझोला नव्हे. सांडपाण्यातली कुठलीही वनस्पती जनावरांना घालू नका.
• वाफ्यावर जाळी ठेवा. लहान मुलं एकटी तिथे जाऊ देऊ नका. डासांच्या अळ्या दिसल्या तर पाणी बदला.

मुलांसाठी स्वाध्याय

१) 100 ग्रॅम मेथी, गवत आणि अझोला वाळवून वजनांचा तक्ता करा.
२) तुमच्या घरच्या जनावराला रोज काय काय आणि किती घालतात, ते आई-वडिलांना विचारून लिहा.

मोबाईलवरचं प्रत्येक वाक्य खरं की खोटं, हे नुसतं सांगून मुलांना पटत नाही. काटा हातात द्या, ती स्वतःच ठरवतात.