ताणलेले रबर ओठाला कोमट का लागते?

प्रश्न: रबरबँड झटकन ताणून ओठाला लावला तर कोमट लागतो; थोडा वेळ ताणूनच धरला आणि मग सैल सोडून लावला तर गार लागतो. माझी मुलगी बोटीने खाडी ओलांडून बोरिवलीला कॉलेजात जाते. तिने हे करून दाखवले आणि म्हणाली, की आपल्या पेशीतला दोन मीटरचा डीएनएसुद्धा याच नियमाने आखडून बसतो. हे खरे का? आणि आमच्या जाळ्यांचा नायलॉनही लांब रेणूंचाच असतो म्हणतात. मग तो रबरासारखा का ताणला जात नाही?
— एक वाचक, गोराई

उत्तर: मुलीचे म्हणणे बरेचसे खरे आहे. डीएनएच्या बाबतीत हा नियम अर्ध्या वाटेपर्यंत साथ देतो आणि मग थांबतो. तो कुठे थांबतो, हे आकडे मांडून पाहता येते.

आधी रबर. तिने केलेला प्रयोग दोनशे वर्षांहून जुना आहे. इंग्लंडमधील केंडल गावच्या जॉन गॉफ यांनी 1805 साली तो नोंदवला. लहानपणी देवीच्या आजारात त्यांची दृष्टी गेली होती. हाताच्या बोटांपेक्षा ओठ उष्णतेचा फरक लवकर ओळखतात, म्हणून त्यांनी रबराची पट्टी ओठांना लावून पाहिली. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली: वजन टांगून ताणलेले रबर तापवले की ते आखडते. धातूची तार तापवली की लांबते, रबर नेमके उलटे वागते. पुढे जेम्स जूल यांनी 1859 साली याची काटेकोर मोजमापे केली. कारण मात्र विसाव्या शतकापर्यंत कुणाला सांगता आले नाही, कारण रबर हे हजारो दुव्यांच्या लांबलचक रेणूंचे बनलेले असते हेच तोवर ठाऊक नव्हते. हरमान श्टाउडिंगर यांनी 1920 साली तसे मांडले, तेव्हा अनेक रसायनशास्त्रज्ञांनी ते धुडकावले होते. त्यांना नोबेल मिळाले 1953 साली.

पोलादाची स्प्रिंग ताणली की अणूंमधले अंतर बदलते आणि ते पूर्वीच्या जागी यायला ओढ घेतात. रबरात अणूंमधली अंतरे जवळजवळ बदलतच नाहीत. तिथे ओढ येते ती निव्वळ मोजणीतून. ही मोजणी समजायला तुमचाच किनारा घेऊ.

गोराईच्या ओल्या वाळूवर अर्ध्या मीटरचे चौकोन आखले आहेत असे धरा. एक माणूस रेघांवरून चालतो आणि दर पावलाला चारपैकी वाटेल ती दिशा घेतो. दहा हजार पावले सरळ टाकली असती तर तो पाच किलोमीटर गेला असता. असा भरकटत चालला तर सुरुवातीच्या जागेपासून सरासरी शंभर पावलांवर, म्हणजे पन्नास मीटरवर सापडेल. दहा हजारांचे वर्गमूळ शंभर, तेच हे. पाच किलोमीटर सरळ जाणारी वाट अगदी मोजकी, आणि पन्नास मीटरच्या आसपास घुटमळणाऱ्या वाटा अगणित. रबराच्या रेणूचा प्रत्येक दुवा म्हणजे असे एक पाऊल. रेणू उष्णतेने सतत वळवळत असतो आणि ज्या आकारांची संख्या जास्त, त्याच आकारांत तो बहुतेक वेळ असतो. आपण रबर ताणतो तेव्हा त्याला मोजक्या वाटांवर ढकलतो. हाताने केलेले काम अणूंच्या बंधांत साठत नाही, ते उष्णता होऊन बाहेर पडते. ओठाला लागतो तो हाच कोमटपणा. ताणलेले रबर तापवले की वळवळ वाढते, अगणित वाटांकडे परतण्याची ओढही वाढते आणि रबर आखडते.

आता डीएनए. तो रबराच्या रेणूपेक्षा बराच ताठ असतो. सुमारे 50 नॅनोमीटर, म्हणजे दीडशेच्या आसपास बेस-जोड्यांपर्यंत तो जवळपास सरळ राहतो. त्यामुळे हिशेबात त्याचे एक पाऊल 100 नॅनोमीटरचे धरतात. आपल्या पेशीतला दोन मीटर डीएनए 46 गुणसूत्रांत वाटलेला असतो आणि त्यातले सर्वांत मोठे गुणसूत्र उलगडले तर साडेआठ सेंटीमीटरच्या आसपास भरते. म्हणजे साडेआठ लाख पावले. त्यांचे वर्गमूळ साधारण 920. तेव्हा हा साडेआठ सेंटीमीटरचा धागा, त्याला कुणी हात न लावता, जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या सैल गुंडाळीत येतो. इथवर मुलीचे म्हणणे पक्के.

पण केंद्रकाची रुंदी याच्या दहाव्या भागाच्या आसपास असते आणि त्यात 46 गुणसूत्रे मावायची असतात. इथे प्रथिनांची गरज लागते. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्याभोवती डीएनएच्या 147 जोड्या पावणेदोन वेढ्यांच्या जवळपास गुंडाळल्या जातात, मग थोडा मोकळा धागा, मग पुढचा गोळा. त्यापुढची घडी नेमकी कशी पडते, यावर जगभर काम चालू आहे. एकेकट्या डीएनए रेणूला चुंबकीय मणी लावून त्याची ओढ मोजण्याचे प्रयोग 1992 साली कार्लोस बुस्तामान्ते आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. ताठ पण वळणाऱ्या धाग्याचे 1949 सालचे गणिती प्रारूप त्या मोजमापांशी सुरेख जुळले. माझ्या मते विसाव्या शतकातील भौतिकीचे हे फार मोठे यश आहे: रबर समजून घेण्यासाठी मांडलेली मोजणीची रीत आनुवंशिकतेच्या रेणूलाही लागू पडली.

एक अडचण राहते. खऱ्या रेणूचे दोन भाग एकाच जागी बसू शकत नाहीत. वाळूवरच्या माणसाला आता अट घाला: उमटलेल्या स्वतःच्या पावलावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. या अटीत बसणाऱ्या सगळ्या वाटांची सरासरी काढली तर तो पन्नास नव्हे, चारशे मीटरच्याही पुढे सापडतो. एवढ्या एका अटीने गणित कमालीचे अवघड होते. एका पावलाच्या वाटा 4, दोनच्या 12, तीनच्या 36. चार पावलांच्या 108 व्हायला हव्यात, पण आठ वाटा सुरुवातीच्याच जागी येतात म्हणून 100. पाचच्या 284. कितीही पावलांसाठी चालणारे सूत्र आजवर कुणालाही मिळालेले नाही. पॉल फ्लोरी यांनी 1949 साली एका सोप्या युक्तिवादाने रेणूचा आकार किती फुगेल याचा जवळपास बिनचूक अंदाज दिला आणि 1974 साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या मोजणीत आपल्या मुंबईचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही याची मला खंत वाटते. दीपक धर यांनी 1978 सालच्या शोधनिबंधात दाखवले, की साध्या चौकोनांऐवजी स्वतःच्याच आकाराच्या छोट्या प्रती जोडून विणलेली जाळी घेतली तर ‘स्वतःची वाट न ओलांडण्याचे’ हे गणित अचूक सुटते. त्यांची बहुतेक कारकीर्द कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेली. फांद्या फुटलेल्या रेणूंच्या एका प्रारूपाची मोजणीही त्यांनी 1983 साली नेमकी सोडवली. पुढे ते पुण्याच्या आयसरमध्ये गेले. 2022 सालचे बोल्ट्झमन पदक त्यांना जॉन हॉपफील्ड यांच्याबरोबर मिळाले. संख्याशास्त्रीय भौतिकीतला हा सर्वोच्च मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर आणि आशिष लेले यांनी पाणी शोषून फुगणाऱ्या आणि ठरावीक तापमानाला आकसणाऱ्या जेलवर काम केले. लेले यांना 2012 साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्या जेलमध्येही रेणूंच्या साखळ्यांचीच ही ओढ असते.

उरला नायलॉन. कारखान्यात नायलॉनचा तंतू काढल्यावर तो मुद्दाम ओढून लांबवतात. त्यात साखळ्या शेजारी शेजारी समांतर लागतात आणि हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात. वळवळायला जागाच राहत नाही, म्हणून जाळे मासळीचा भार पेलते पण रबरासारखे ताणले जात नाही. तरी त्या तंतूत काही भाग न जखडलेला राहतोच आणि तो रबराच्याच नियमाने वागतो: तापवले की लांबीत किंचित आखडतो. टेक्सासमधील संशोधकांनी 2014 साली याचाच उपयोग केला. त्यांनी मासेमारीचा साधा नायलॉन तंगूस घेतला, वेटोळी पडेपर्यंत पीळ दिला आणि तापवला. तेवढ्याच लांबीच्या आणि वजनाच्या मानवी स्नायूला झेपेल त्याच्या शंभरपट भार त्याने उचलला.