व्यवसायाच्या मापाचे शिक्षण : कलाभवनाचा धडा



व्यापाराला भांडवल लागते, पत लागते आणि माणूस लागतो. भांडवल कर्जाऊ मिळते, पत कालांतराने जमते. परंतु कामात वाकबगार असा माणूस घडवावाच लागतो. आपल्या पेढ्यांवर तो पूर्वापार पाहून-पाहून घडत आला. दुकान झाडता-झाडता पोरगा धान्याची प्रत ओळखू लागे, पुढे रोजमेळ लिही, आणि केस पिकल्यावर मुनीम होई. ही रीत वाईट नव्हे. परंतु ती मंद आहे, आणि 'असे करतात' यापलीकडे तीत कारण कोणी सांगत नाही. आजच्या धंद्याला कारण जाणणारा माणूस हवा. म्हणून स्थानिक धंद्यांच्या गरजेनुसार शिक्षण देणाऱ्या संस्थांचा विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे.

हा विचार आपल्या गावाला नवा नाही. ज्या अकोट्यात आपण राहतो, ते प्राचीन अंकोट्टक. येथे सापडलेल्या जैन कांस्यप्रतिमा वडोदऱ्याच्या संग्रहालयात आहेत व डॉ. उमाकांत शाह यांनी 1959 साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील सर्वांत जुन्या सुमारे दीड सहस्र वर्षांपूर्वीच्या आहेत. असे ओतकाम एका पिढीत साधत नाही. मूर्ती घडविणाऱ्या हातांमागे शिकविणारे हात होते, आणि त्या हातांना काम देणारे दातेही होते.

अर्वाचीन काळात हेच कार्य कलाभवनाने केले. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1890 साली ते स्थापिले व त्याची धुरा सुरतेचे रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्यावर सोपविली. रंगाई व कापडछपाई, विणकाम, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला अशा विद्या तेथे शिकविल्या जात, आणि बहुतांश शिक्षण गुजराती भाषेतून होई. कारागिराच्या मुलाला प्रथम इंग्रजी शिकवून मग धंदा शिकवावयाचा, हा द्राविडी प्राणायाम गज्जरांनी टाळला. आपल्या दादासाहेब फाळक्यांनीही छायाचित्रणाचे पाठ येथेच गिरविले. पुढे 1907 साली गज्जर, त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या उद्योगातून अलेम्बिक हा कारखाना उभा राहिला. 1949 साली महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय झाले, तेव्हा कलाभवन त्याच्या तंत्र व अभियांत्रिकी शाखेत विलीन झाले. पाठशाळा आणि कारखाना यांचे नाते किती निकटचे असू शकते, याचा हा दाखला होय.

परदेशातही हीच दिशा दिसते. अमेरिकेत 1901 साली जोलियेट येथे स्थानिक लोकांसाठी दोन वर्षांचे महाविद्यालय निघाले. अशा संस्थांना पुढे कम्युनिटी कॉलेज हे नाव पडले. नॉर्थ कॅरोलायना राज्याने 1958 पासून नव्या कारखान्यांना हवे तसे कामगार त्यांच्या मागणीनुसार शिकवून देण्यास आरंभ केला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013-14 मध्ये अशा कम्युनिटी कॉलेजांची योजना आखली.

आता प्रश्न असा की, धान्याच्या व्यापाऱ्याने अशा संस्थेकडे मागावे तरी काय? 'चांगली माणसे द्या' एवढ्याने भागत नाही. काम नेमके सांगावे लागते. पोत्यांतून नमुना कसा काढावा, ओलावा यंत्राने कसा मोजावा, गव्हात तो शेकडा 12 च्या वर गेल्यास कोणता धोका, थप्पी भिंतीपासून सोडून लाकडी फळ्यांवर का लावावी, अगोदर आलेला माल अगोदर का काढावा. शिवाय वस्तू व सेवाकराची नोंद आणि 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याची कलमे. धुरी देण्याच्या गोळ्यांतून प्राणघातक वायू निघतो. ते काम अधिकृत, प्रशिक्षित माणसाखेरीज कोणाच्याही हाती देता कामा नये, हेही वखारीतील प्रत्येकाला ठाऊक हवे. आपल्यासारख्या अहिंसाधर्मीयांना तर यात विशेष गोडी वाटावी. धान्य जितके कोरडे व वखार जितकी स्वच्छ, तितकी कीड कमी. कीड पडल्यावर विष घालण्यापेक्षा ती पडूच न देणे, हे ज्ञानाने साधणारे यतनाचरण होय.

तथापि एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. शिक्षण आपल्या मापाचे मागताना ते इतके तंग मागू नये की, शिकणाऱ्याचा जन्म एकाच पेढीला बांधला जावा. रंगाईचेच पाहा. मंजिष्ठेच्या रंगास कृत्रिम पर्याय 1869 साली निघाला, कृत्रिम नीळ 1897 साली बाजारात आली, आणि 1914 साली महायुद्ध पेटताच जर्मनीहून येणारे रंग अडले. अशा उलथापालथीत डब्यावरील कृती तेवढी पाठ असलेला रंगारी हात बांधून बसतो. द्रव्याचे गुणधर्म जाणणारा दुसरी वाट काढतो. धंदा बदलतो, यंत्र बदलते, मालकही बदलतो. मुलाचे आयुष्य मात्र त्याहून लांब असते. म्हणून निम्मे शिक्षण आपल्या कामाचे, तर निम्मे त्यामागील शास्त्राचे, हिशेबाचे व भाषेचे असावे. शिकून तो उद्या दुसऱ्याच्या पेढीवर गेला, तर हळहळू नये. दुसऱ्याने शिकविलेला आपल्याकडे येणारच आहे.

कायदाही आज अनुकूल आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 चा. त्यात 2014 साली झालेल्या दुरुस्तीने मालकाला आपल्या धंद्याचा अभ्यासक्रम स्वतः आखण्याची मुभा मिळाली. 2019 च्या नियमांनुसार तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांस उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या पेढ्यांस ते ऐच्छिक आहे. आपल्यापैकी बहुतेक पेढ्या दुसऱ्या वर्गात मोडतात. अर्थात येथे सक्ती नाही, आपली बुद्धी हीच प्रेरणा. 2016 च्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा 1500 रुपयांच्या मर्यादेत, सरकारने उचलण्याची तरतूद झाली.

यास्तव आम्ही मंडळापुढे तीन सूचना ठेवितो. पहिली, प्रत्येक पेढीने आपल्याकडील कामांची यादी लिहून द्यावी. त्यांतून सामाईक अभ्यासक्रम निघेल. दुसरी, जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेशी वा विश्वविद्यालयाशी बोलणे करून सकाळची व्याख्याने तेथे आणि दुपारचे काम वखारीत, अशी वाटणी करावी. तिसरी, आपल्यातील वृद्धांनी महिन्यातून एक तास शिकविण्यास द्यावा. आणि या वर्गात आपल्या मुलींना, सुनांना तसेच हमालांच्या मुलांनाही सारखेच स्थान असावे.

चार दानांत ज्ञानदानाची गणना आहे. वर्गणी देऊन इमारत उभी राहते, तीवर नावही कोरले जाते. परंतु आपले काम दुसऱ्यास कारणांसह समजावून देणे, हे दान ज्याच्या त्याने स्वतःच करावयाचे असते. पुढील स्मरणिका निघेल तेव्हा तीत या वर्गाचे पहिले वृत्त छापले जावो, एवढीच सदिच्छा.