सामायिक ड्राइव्हवरील कीड-सर्वेक्षणाची फाइल नकार देते तेव्हा

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणात कामगंध सापळ्यांतील पतंगांची मोजणी गावोगावच्या नोंदवहीतून कार्यालयातील सामायिक ड्राइव्हवर भरली जाते. सलग ३ दिवस प्रति सापळा ८ पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजून उपाययोजना सुचविली जाते. अंड्यातून निघालेली अळी लवकरच पात्यात, फुलात अथवा बोंडात शिरते आणि मग फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे शुक्रवारी 'परवानगी नाही' म्हणून न भरलेली नोंद सोमवारी भरली गेली, तर सल्ला निघेपर्यंत अळी बोंडात सुरक्षित झालेली असते.

निदानाचा पहिला प्रश्न : नकार नेमका कोणत्या प्रकारचा आहे? फाइल दुसऱ्या कोणी उघडलेली असल्याचा संदेश असेल, तर तो परवानगीचा दोष नव्हे. मात्र वीज गेल्याने एक्सेल अर्धवट बंद पडले असल्यास त्याची तात्पुरती लपलेली फाइल फोल्डरमध्ये मागे राहते आणि कोणीही काम करत नसताना हाच संदेश दिसत राहतो. खरोखर कोणी फाइल उघडलेली नाही याची खात्री करूनच ती काढून टाकावी.

नकार परवानगीचाच असेल, तर विंडोज सर्व्हरवर दारे दोन असतात हे लक्षात घ्यावे. एक सामायिक फोल्डरचे, दुसरे डिस्कवरील फोल्डरचे. नेटवर्कवरून येणाऱ्यास दोन्ही ओलांडावी लागतात आणि दोहोंपैकी अधिक कडक नियम लागू होतो. डिस्कवर बदल करण्याची मुभा आहे, पण सामायिक दारावर केवळ वाचण्याची, तर तालुक्यातील कर्मचाऱ्यास फाइल दिसते, लिहिता येत नाही. प्रत्यक्ष सर्व्हरवर बसून तेच खाते वापरल्यास ती लिहिता येते, कारण तेथे पहिले दार आडवे येत नाही. ही एक चाचणी पुष्कळ वेळ वाचविते.

कधी फाइल उघडते, आकडे भरता येतात, पण जतन होत नाहीत. एक्सेल जतन करताना आधी त्याच फोल्डरमध्ये नवी तात्पुरती फाइल तयार करते व नंतर जुनीची जागा तिला देते. म्हणून केवळ वाचण्या-लिहिण्याची परवानगी पुरत नाही; फोल्डरमध्ये फाइल निर्माण करण्याची व पुसण्याचीही लागते.

मागील हंगामाची फाइल एका फोल्डरमधून त्याच डिस्कवरील दुसऱ्यात हलविली, तर ती जुन्या परवानग्या सोबत आणते. तिची नक्कल केली, तर नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. 'बाकी सर्व फाइली उघडतात, हीच तेवढी नाही' या तक्रारीचे मूळ बहुधा येथे सापडते. तसेच कर्मचाऱ्याचे नाव गटात नव्याने घातले असल्यास त्याने संगणकातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. तोवर जुनेच अधिकार चालू राहतात. ही साधी गोष्ट न सांगितल्यामुळे प्रशासकाकडे व्यर्थ हेलपाटे होतात.

कंटाळून 'सर्वांना पूर्ण नियंत्रण' देण्याचा मोह अनेक कार्यालयांना होतो. तक्रार तात्काळ थांबते. परंतु एखाद्याच्या चुकीच्या क्लिकने संपूर्ण जिल्ह्याची मोजणी पुसली जाऊ शकते. ८ च्या जागी १८ पडले, तर ते कोणी केले हेही कळणे कठीण. त्यापेक्षा प्रत्येक तालुक्यास लिहिण्यासाठी स्वतंत्र फोल्डर द्यावा आणि एकत्रित तक्ता सर्वांसाठी फक्त वाचनीय ठेवावा. परवानग्या व्यक्तीस न देता गटास द्याव्यात, म्हणजे बदली झाली तरी घडी मोडत नाही.

प्रशासकास कळविताना फाइलचा संपूर्ण मार्ग, खात्याचे नाव, वेळ आणि संदेशाचे शब्द जसेच्या तसे द्यावेत. 'ड्राइव्ह चालत नाही' एवढ्यावर कोणालाही निदान करता येणार नाही. दुरुस्ती होईपर्यंत त्या दिवसाची सापळ्यांची मोजणी दूरध्वनीवरून संबंधित कीटकशास्त्रज्ञास कळवावी व नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवावी.