प्रवाळाचा तुकडा पार्सलने मागवायचा का?



अमेरिकेत हौशी लोक घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी प्रवाळाचे छोटे तुकडे पार्सलने मागवतात. मुलं मोबाईलवर हे पाहतात आणि "आपण पण मागवूया ना!" म्हणतात. नुसतं नाही म्हणू नका, त्यातूनच पाठ घ्या.

१. प्रवाळ दगड नाही, झाडही नाही. ती चिमुकल्या प्राण्यांची वसाहत आहे. म्हणून गुलाबाच्या फांदीसारखा त्याचा तुकडाही वाढतो.

२. तुकडा खाऱ्या पाण्याच्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यातून रातोरात पाठवतात. पाणी साधारण २५ अंश सेल्सिअस लागतं. ते फार तापलं तर आतलं शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरा पडतो, मरतोही.

३. आपल्याकडे दगडी प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ चं संरक्षण आहे. वाघही त्याच अनुसूचीत आहे! त्यामुळे असा व्यापार गुन्हा ठरतो.

मालवणच्या समुद्रात जिवंत प्रवाळ आहेत. सहलीला गेलात तर पाहा, तोडू नका.

वर्गात विचारा : वाघाचं पिल्लू पार्सलने मागवाल का? का नाही? उत्तरं मुलांनाच वहीत लिहू द्या.